दिव्यांगांचा आरोग्यविमा : हक्क आणि व्यवहार

(महाजन-कुटुंबांच्या मेळाव्यात वाचलेले भाषण)



मराठीतील 'विमा' हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'बीम' म्हणजे भय. पोर्तुगीज भाषेत याच व्यवहाराला 'सेगूरु' म्हणतात, आणि सेगूरु म्हणजे सुरक्षित, खात्रीचा. एका भाषेने या व्यवहाराला माणसाच्या भीतीचे नाव दिले, दुसरीने त्या भीतीपासून मिळणाऱ्या सुटकेचे. दोन्ही अर्थ एकत्र घेतले तर भयाकडून निर्भयतेकडे नेणारा करार, अशी विम्याची व्याख्या करावयास हरकत नाही. परंतु ज्या माणसांच्या वाट्याला हे भय सर्वांत अधिक येते, त्या दिव्यांग माणसांना आपल्या देशात दीर्घकाळ या कराराच्या दारातूनच परत पाठविण्यात आले. गेल्या पंचवीस वर्षांत कायद्याने हे दार टप्प्याटप्प्याने उघडले. ते किती उघडले, कोठे अडकले, आणि आत जाण्यासाठी घरच्या माणसांनी काय करावयास हवे, हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

विषय परका वाटण्याचा संभव आहे, म्हणून प्रथम एक साधा हिशोब. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. गोव्यात ही संख्या सुमारे ३३ हजार भरली. दोन्हीकडे प्रमाण शंभरात दोनहून किंचित अधिक पडते. एखाद्या देवस्थानाच्या महाजन-कुटुंबांत लहानथोर मिळून पाचशे माणसे असतील, तर या प्रमाणाने त्यांत दहा-अकरा दिव्यांग असावयास हवेत. जत्रेच्या दिवशी, पालखीच्या वेळी, लग्नमुंजीच्या पंगतीत ही दहा-अकरा माणसे दिसतात काय? बहुधा तीन-चार दिसतात. उरलेली घराच्या आतल्या खोलीत असतात. जनगणनेच्या कर्मचाऱ्यालाही घरच्यांनी सांगितले तेवढेच कळते, हेही येथे ध्यानात घ्यावे. न दिसणाऱ्या या माणसांचा आणि विम्याचा संबंध फार निकटचा आहे. तो पुढे स्पष्ट होईल.

विम्याचे मूळ तत्त्व गोमंतकीयांना नवे नाही. अनेकांनी थोडेथोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्या संचयातून आधार मिळावा, या विचारावरच गावोगावच्या सामुदायिक संस्था उभ्या राहिल्या. व्यापारी विम्यात मात्र एक अधिकचे कलम असते. संचयात कोणाला घ्यावयाचे, हे कंपनी ठरविते. भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी 'मेडिक्लेम' ही पॉलिसी १९८६ साली सुरू झाली. तिच्यात आणि पुढे आलेल्या बहुतेक पॉलिसींत आधीपासून असलेल्या आजाराविषयी वगळणूक अथवा प्रतीक्षाकाल असे. कंपन्यांचा युक्तिवाद असा की, घर पेटल्यावर कोणी आगीचा विमा काढू लागला तर विम्याचा धंदाच चालणार नाही. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

तथापि दिव्यांगांच्या बाबतीत हा युक्तिवाद भलत्याच ठिकाणी लावला गेला. अंध माणसाचे ॲपेंडिक्स डोळस माणसासारखेच असते. पोलिओने पाय अधू झालेल्या स्त्रीला डेंग्यू होण्याचा धोका तिच्या बहिणीहून अधिक नसतो. असे असूनही अर्जातील 'शारीरिक व्यंग' या रकान्यापुढे 'होय' लिहिले की पुष्कळदा संपूर्ण अर्जच नामंजूर होई. व्यंगाशी संबंधित खर्च वगळून बाकीच्या आजारांना संरक्षण देणे शक्य होते, पण तेवढा विचार करण्याची तसदी क्वचितच घेतली गेली. दिव्यांगत्व हा आजार आहे, आणि असा माणूस कायमचा रोगी आहे, ही समजूत त्यामागे होती. ती समजूत केवळ कंपन्यांचीच होती असे नाही. ती समाजाचीही होती.

या समजुतीला पहिला मोठा धक्का आंतरराष्ट्रीय पातळीवर बसला. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने दिव्यांगांच्या हक्कांचा करारनामा संमत केला. त्याच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आरोग्यविमा व आयुर्विमा देताना दिव्यांगांशी भेदभाव करण्यास मनाई आहे. भारताने २००७ साली या करारनाम्यास मान्यता दिली. त्यानुसार देशाचा कायदा बदलणे क्रमप्राप्त होते. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ साली संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते; नव्या कायद्यात ते एकवीस झाले. कलम २४ अन्वये सामाजिक सुरक्षेच्या योजनांत, इतर शासकीय विम्याखाली न येणाऱ्या दिव्यांगांसाठी सर्वंकष विमायोजनेचा उल्लेख आला. कलम २५ ने उपचारात अग्रक्रम आणि अडथळेविरहित रुग्णालये यांची जबाबदारी शासनावर टाकली. पाठोपाठ २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आला. शारीरिक आजाराला ज्या तत्त्वावर विमा मिळतो त्याच तत्त्वावर मानसिक आजारालाही तो मिळाला पाहिजे, असे बंधन त्याच्या एकविसाव्या कलमाने विमा कंपन्यांवर घातले.

कायदा कागदावर आला, तरी व्यवहार जुन्याच वाटेने चालत राहिला. पाठीच्या कण्याला इजा होऊन हातापायांचे चलनवलन गमावलेल्या, पण स्वतःचा व्यवसाय उत्तम प्रकारे सांभाळणाऱ्या एका गृहस्थाला कंपन्यांनी आरोग्यविमा नाकारला. त्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. १३ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे वर उल्लेखिलेल्या करारनाम्याला बरोबर सोळा वर्षे झाली त्याच दिवशी, न्यायालयाने आदेश दिला. जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो, आणि दिव्यांग व्यक्ती आरोग्यविम्याच्या संरक्षणास पात्र आहेत, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. विमा नियामक प्राधिकरणालाही त्या दृष्टीने पावले उचलण्यास सांगण्यात आले. त्यानंतर २७ फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकाने प्राधिकरणाने प्रत्येक सर्वसाधारण व स्वतंत्र आरोग्यविमा कंपनीवर बंधन घातले की, दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी तिने विमा-पॉलिसी उपलब्ध करून दिलीच पाहिजे. २०२४ साली आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला.

एवढे झाल्यावर दार उघडले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. परंतु उघड्या दारातून आत जाण्यासही मोल पडते. पॉलिसी देणे कंपनीवर बंधनकारक झाले. अमुकच हप्त्यात द्यावी, असे झालेले नाही. वाढीव हप्ता, प्रत्येक बिलाचा काही हिस्सा विमेदारानेच सोसण्याची अट, आणि प्रतीक्षाकाल, या तीन गोष्टी करारात बारीक अक्षरांत असतात. पॉलिसी हाती घेताना विम्याची रक्कम पाहण्याआधी ही तीन कलमे पाहावीत.

आता शासकीय योजनांकडे वळू. त्यांत वैयक्तिक निवडीचा प्रश्न येत नाही, म्हणून दिव्यांगांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व अधिक आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. पात्र कुटुंबाला दरसाल ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात, कुटुंबातील माणसांच्या संख्येची अथवा वयाची अट नाही, आणि आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. हा भाग निःसंशय प्रशंसनीय आहे. परंतु पात्रता ठरविताना २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेचे निकष घेण्यात आले. ग्रामीण कुटुंबांसाठी त्यांतील एक निकष असा : घरात दिव्यांग व्यक्ती असावी, आणि त्याच घरात एकही सुदृढ प्रौढ व्यक्ती नसावी. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. समजा, एका विधवेचा तीस वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेला आहे. ती चार घरची कामे करून दोघांचे पोट भरते. ती धडधाकट आहे, म्हणून या निकषाखाली ते घर बसत नाही. मुलाची शुश्रूषा करण्यापुरती आई निरोगी आहे, हाच तिचा दोष ठरतो! दुसरा एखादा निकष लागू पडला तर गोष्ट वेगळी.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून या योजनेचा विस्तार करून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्न न पाहता, ५ लाखांचे संरक्षण देण्यात आले. वृद्धांच्या दृष्टीने हे पाऊल फार मोठे आहे. पण त्या विस्तारात वयाचा निकष आला, दिव्यांगत्वाचा आला नाही. परिणामी एकाच घरात बहात्तर वर्षांच्या पित्याला कार्ड मिळते, आणि ज्याच्या चिंतेने त्या पित्याला झोप येत नाही त्या चाळीस वर्षांच्या मुलाला त्या आधारावर मिळत नाही.

गोव्यापुरते बोलावयाचे तर राज्य शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. पाच वर्षे गोव्यात वास्तव्य ही तिची मुख्य अट. उत्पन्नाची मर्यादा तिने ठेवली नाही. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास वार्षिक अडीच लाख, आणि त्याहून मोठ्या कुटुंबास ४ लाख रुपये, असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. दिव्यांग मुलगा वा मुलगी कुटुंबाचा घटक म्हणून त्यात येते. मात्र कुटुंबाचे कार्ड काढताना त्या मुलाचे नाव घातले गेले आहे की नाही, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे. ज्याला घराबाहेर कधी नेले जात नाही, त्याचे नाव कार्डावरही राहून जाते, असा अनुभव ठिकठिकाणी ऐकू येतो.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. वरील दोन्ही योजना आणि बाजारातील बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा खर्च देतात. दिव्यांगाचा खर्च बहुतांशी रुग्णालयाच्या बाहेर होतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी लागते असे समजू. एका वेळेस ५०० रुपये धरले तरी वर्षाला ५२ हजार रुपये होतात. वाचा-उपचार, फेफऱ्याची रोजची औषधे, वाढत्या वयाबरोबर बदलावी लागणारी खुर्ची आणि कॅलिपर, नेण्याआणण्याची टॅक्सी, हे सर्व वेगळेच. त्या वर्षी मूल सुदैवाने एकदाही रुग्णालयात दाखल झाले नाही, तर ५ लाखांच्या विम्यातून त्याला एक पैसाही मिळत नाही. कागदोपत्री ते मूल विमाधारक आहे, घरखर्चाच्या वहीत मात्र विम्याचा पत्ता नाही. दिव्यांगांच्या संदर्भात विमा-सुधारणेची खरी परीक्षा येथे आहे, आणि या परीक्षेत देशातील मोठ्या योजना अद्याप उत्तीर्ण झालेल्या नाहीत.

याला एक सन्माननीय अपवाद आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नाही. १९९९ च्या कायद्याने केंद्र शासनाने 'राष्ट्रीय न्यास' ही संस्था स्थापन केली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चार प्रकारांतील व्यक्ती तिच्या कक्षेत येतात. या न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना २००८ पासून चालू आहे. तिची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये आहे. रक्कम लहान, पण रचना विचारपूर्वक केलेली. विमा काढण्याआधी वैद्यकीय तपासणी नाही. वयाची अट नाही. आधीपासूनच्या दिव्यांगत्वामुळे कोणालाही वगळले जात नाही. रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार, नियमित थेरपी, अन्य वैद्यकपद्धती, आणि उपचारासाठीचा प्रवास, यांसाठीही ठरावीक मर्यादेत पैसे मिळतात. वर सांगितलेल्या ५२ हजारांपैकी सगळे मिळणार नाहीत, पण त्या वहीत प्रथमच जमेच्या बाजूला काही लिहिले जाईल. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज करता येतो. विम्याचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि दरसाल नूतनीकरण करावे लागते. हे विसरल्याने संरक्षण खंडित होते.

नोकरदार कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंपन्यांच्या सामुदायिक पॉलिसींत मुलांचे संरक्षण बहुधा पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास संपते. मूल मोठे होऊन कमावू लागेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. जे मूल कधीच कमावणार नाही त्याच्यासाठी ही वयोमर्यादा अन्यायकारक आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेने हा विचार पूर्वीच केला. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे पूर्णतः पालकावर अवलंबून असलेले अपत्य, ते व्यंग असेपर्यंत, त्या कायद्यानुसार कुटुंबातच धरले जाते. त्याच योजनेत वेतनाची सर्वसाधारण मर्यादा दरमहा २१ हजार असताना दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ती २५ हजार ठेवण्यात आली. ज्या आस्थापनेच्या पॉलिसीत वयाची अट आहे, तेथे दिव्यांग अपत्यासाठी ती शिथिल करावी, अशी लेखी मागणी कर्मचाऱ्यांनी करण्यास कोणतीच अडचण नाही.

इथवर हक्कांचा विचार झाला. आता थोडा व्यवहाराचा.

यांपैकी बहुतेक दारांची किल्ली एकच आहे, आणि ती म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज केल्यानंतर वैद्यकीय तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र मिळते. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. हे प्रमाणपत्र नसेल तर निरामय नाही, विशेष पॉलिसी नाही, शासकीय साहाय्य नाही. असे असूनही, विशेषतः सुस्थितीतील कुटुंबांत, ते काढण्याची टाळाटाळ होते. भावंडांच्या सोयरिकी अडतील, लोक बोलतील, घराण्याला बट्टा लागेल, ही कारणे कोणी उघडपणे सांगत नाही, पण ती सर्वांना माहीत आहेत. पैशाची ददात नसलेल्या घरात असाही विचार होतो की, आपल्याला सरकारच्या मेहेरबानीची गरज काय? तेव्हा एवढेच सांगावेसे वाटते की, ही मेहेरबानी नाही. दया आणि हक्क यांत फरक आहे. पोर्तुगीज अमदानीत 'प्रोवेदोरिया'तून गरजूंना मदत मिळे. ती साहाय्याची व्यवस्था होती. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगाला जे दिले तो नागरिक म्हणून त्याचा अधिकार आहे, आणि अधिकार बजावण्यासाठी गरीब असावे लागत नाही.

लपविण्याची हीच सवय विम्याच्या अर्जातही उतरते. व्यंग सांगितले तर पॉलिसी मिळणार नाही या भीतीने ते लिहिलेच जात नाही. विमा हा परम विश्वासाचा करार आहे. दडविलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उघडकीस आली की कंपनी दावा फेटाळते, आणि तेव्हा न्याय कंपनीच्या बाजूने जाण्याचा धोका असतो. आता कायदा अनुकूल झाल्यावर तर लपविण्याचे कारणच उरलेले नाही. अर्जात सर्व खरे लिहावे. कंपनीने नकार दिला तर कारणांसह लेखी नकार मागावा. तोंडी नकारावर परत येऊ नये. तो कागद घेऊन प्रथम कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर, आणि भेदभाव स्पष्ट असेल तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे जाता येते. पॉलिसी असताना दावा फेटाळला गेला, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. गोव्यासाठीचे त्याचे कार्यालय पुण्यास आहे.

शेवटी ज्या प्रश्नाने अशा घरांतील आईबापांचे उतारवय पोखरले जाते, त्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. आपल्या पश्चात या लेकराचे काय? जमीनजुमला असतो, बँकेत ठेवी असतात, भाऊबंद असतात. पण दरसाल ३१ मार्चपूर्वी त्याच्या विम्याचे नूतनीकरण कोण करणार, दाव्याच्या कागदावर सही कोण करणार, हे बहुधा कोणीच ठरविलेले नसते. मूल अठरा वर्षांचे झाले की पालकांचा कायदेशीर अधिकार आपोआप चालू राहत नाही, हेही पुष्कळांना उशिरा कळते. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात यासाठी सोय आहे. वर सांगितलेल्या चार प्रकारांतील प्रौढ व्यक्तीसाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. आईबाप हयात असतानाच हा अर्ज करावा, पुतण्या वा भाची जबाबदारी घेण्यास तयार असेल तर त्याची चर्चा मोकळेपणाने करावी, आणि विम्याचे, प्रमाणपत्राचे, बँकेचे सर्व कागद एका फाइलीत घालून ती फाइल कोठे आहे हे किमान दोघांना सांगून ठेवावे. लाखो रुपयांच्या ठेवीपेक्षा अशी एक फाइल कधीकधी अधिक उपयोगी पडते.

महाजन मंडळांनाही येथे करण्याजोगे काम आहे, आणि त्याला फारसा निधी लागत नाही. महाजनांची नामावली ठेवण्याची शिस्त या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. त्याच शिस्तीने, संबंधित कुटुंबांच्या संमतीने आणि योग्य ती गुप्तता राखून, दिव्यांग सदस्यांची एक टिपण-वही ठेवता येईल. प्रमाणपत्र कोणाचे झाले, विमा कोणाचा चालू आहे, नूतनीकरण कोणाचे बाकी आहे, एवढेच तीत असावे. फेब्रुवारी महिन्यात एखादा रविवार ठरवून, ऑनलाइन अर्ज भरण्यात तरबेज असलेल्या दोन तरुणांना कार्यालयात बसवावे. जी आई मुलाला एकटे सोडून कोठे जाऊ शकत नाही, तिच्या घरी त्यांनी स्वतः जावे.

कायदा झाला, न्यायालयाने हक्क मान्य केला, नियामकाने कंपन्यांना बांधून घेतले. रुग्णालयाबाहेरच्या खर्चाची आणि हप्त्याच्या मर्यादेची मागणी अजून शासनाकडे लावून धरावयाची आहे, आणि ती संघटितपणे धरावी लागेल. परंतु ज्या माणसाचे नाव कोणत्याही यादीत नाही, त्याचा विमा कोणताही कायदा उतरवू शकत नाही. त्याचे नाव यादीत घालण्याचे काम घरच्या माणसांचेच आहे. ते काम या वर्षीच्या ३१ मार्चपूर्वी प्रत्येक घरात पुरे व्हावे, एवढी विनंती करून हे भाषण येथे संपते.